आधी खाली आणा

१३ एप्रिल १९८४, बैसाखीचा दिवस. पहाटे साडेपाचच्या सुमाराला सियाचेनच्या पायथ्याच्या तळावरून एक चीता हेलिकॉप्टर उठलं. आत कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे कॅप्टन संजय कुलकर्णी आणि त्यांचा एक जवान. दोघांना बिलाफोंड ला या खिंडीत उतरवून ते परत फिरलं. दुपारपर्यंत अशा सतरा फेऱ्या झाल्या आणि एकोणतीस माणसं सुमारे १७ हजार ८०० फुटांवरच्या बर्फात उभी राहिली. 'ऑपरेशन मेघदूत'ची ही सुरुवात बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्यानंतरची गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही.

उतरून तीन तास होतात न होतात तोच पहिला रुग्ण तयार झाला. गोळी कुठे सुटलीच नव्हती, शत्रूचा पत्ता नव्हता. तुकडीच्या रेडिओ ऑपरेटरला श्वास पुरेना. छातीत घरघर, बसल्या जागी धाप. फुप्फुसात पाणी भरत होतं. त्याला त्याच हेलिकॉप्टरांच्या वाटेनं खाली पाठवावं लागलं. पुढे लेफ्टनंट जनरल झालेल्या कुलकर्णींनी मुलाखतींमधून हा प्रसंग सांगितला आहे, आणि वर असंही, की रेडिओवाला गेल्यामुळे एका परीनं बरंच झालं, वायरलेसवर बोलायचंच नव्हतं ते आपोआप पाळलं गेलं. फौजी माणसाचा विनोद हा असा कोरडाच असतो. दुपारनंतर हवामान फिरलं आणि वर राहिलेल्यांचा खालच्यांशी तीन दिवस संपर्क नव्हता. हिमदंशानं एकवीस जण जायबंदी झाले, एक जवान गेला.

सियाचेनच्या उंचीवर हेलिकॉप्टरनं लढायला माणसं नेली, आणि तिथून आणलेला पहिला रुग्ण श्वासाचा होता. चाळीस वर्षांत या हिशेबात फारसा फरक पडलेला नाही.

हे सगळं बुलढाण्यात बसून लिहायचं कारण पिंपळगाव सराई. बुलढाणा तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना सैलानीबाबांच्या दर्ग्यामुळे माहीत असतं. होळीच्या सुमाराला यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात. ऑक्टोबर २०२३च्या तिसऱ्या आठवड्यात मात्र गावाचं नाव वेगळ्याच कारणानं देशभर गेलं. या गावचा अग्निवीर गवते अक्षय लक्ष्मण सियाचेनवर कर्तव्य बजावताना गेला. त्या उंचीवर तैनातीत असताना वीरमरण आलेला तो पहिला अग्निवीर. लष्कराच्या फायर अँड फ्युरी कोअरनं जी श्रद्धांजली वाहिली तीत सियाचेनच्या निर्दय उंचीचा उल्लेख होता. त्याच्या अखेरच्या क्षणांबद्दल तर्क करायचा अधिकार मला नाही, आणि तसा विचारही नाही. पण त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या पारापारावर एकच प्रश्न विचारला जात होता, तो या लेखाच्या मुळाशी आहे. तिथं नेमकं होतं काय? हवाच नसते म्हणतात, ते खरं का?

तर, हवा असते. हवेत ऑक्सिजनचं प्रमाणही तेच असतं, शंभरात एकवीस, जेवढं चिखलीत तेवढंच सियाचेनवर. कमी होतो तो दाब. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांच्या थोडं वर आहे. इंग्रजांनी उन्हाळ्यात बरं वाटतं म्हणून इथं ठाणं वसवलं. इथं दाब समुद्रकाठापेक्षा जेमतेम सात-आठ टक्क्यांनी कमी. १८ हजार फुटांवर तो निम्म्यावर येतो. छाती तेवढीच फुगते, पण प्रत्येक श्वासात येतो अर्धाच माल. शरीर धावपळ करून निभावून नेतं, श्वास जलद होतो, नाडी वाढते. काही जणांच्या बाबतीत मात्र फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या या टंचाईला घाबरून आवळतात, आणि तेही सगळीकडे सारख्या नाही. जिथं आवळत नाहीत तिथं रक्ताचा लोंढा वाढतो, दाब चढतो, आणि केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी श्वासाच्या पोकळ्यांमध्ये झिरपतं. आधी कोरडा खोकला. मग चालताना लागणारी धाप बसल्यावरही लागते. मग गुलाबी फेस. डॉक्टरी नाव लांबलचक आहे. लष्करात त्याला सगळे 'हॅपो' म्हणतात. हॅपो झाला, म्हणजे खाली न्या.

या आजाराचा शोध लागला त्या इतिहासात भारतीय फौजी डॉक्टरांचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फार कमी सांगितला जातो. १९६०मध्ये अमेरिकेतले डॉक्टर आणि गिर्यारोहक चार्ल्स ह्यूस्टन यांनी एका तरुण, धडधाकट माणसाच्या फुप्फुसात उंचीवर पाणी झाल्याचं वर्णन छापलं. त्याआधी अशा मृत्यूंना न्यूमोनिया म्हणून मोकळं होत असत. दोनच वर्षांनी चीनशी युद्ध पेटलं आणि मैदानातल्या हजारो पोरांना ट्रकनं आणि विमानानं थेट लडाखच्या उंचीवर नेऊन सोडलं गेलं. थंडीचे कपडे नाहीत ही तक्रार पुढे खूप गाजली. हवेची सवय करून घ्यायला वेळ नाही, ही तक्रार करायला मात्र तेव्हा शब्दही नव्हता.

तो शब्द लष्करी डॉक्टरांनी दिला. लेहच्या लष्करी रुग्णालयातले एन. डी. मेनन यांनी १९६५मध्ये १०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आणखी मोठा अभ्यास लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. १९६९मध्ये त्यांनीच १,९२५ जवानांमधल्या पर्वतीय आजाराची हकिकत अमेरिकेच्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडली. इतके रुग्ण जगात दुसऱ्या कुणी पाहिलेच नव्हते. गिर्यारोहणाच्या मोहिमेत दहा-वीस माणसं असतात, इथं अख्ख्या डिव्हिजनी होत्या. युद्धानं विज्ञानाला केलेली ही मदत म्हणावी की विज्ञानानं युद्धाकडून वसूल केलेली किंमत, मला अजून ठरवता आलेलं नाही.

या नोंदींमधला एक धागा आमच्या भागाच्या थेट जिव्हाळ्याचा आहे. हॅपो नवख्यांनाच होतो असं नाही. वर्षभर उंचीवर राहिलेला, तिथल्या हवेला सरावलेला जवान सुट्टीवर घरी जातो, महिनाभरानं परत येतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रात्री त्यालाच गाठतो. घरी येऊन पेरणी आटोपली, बहिणीचं लग्न लावलं, हुरडा खाल्ला, तेवढ्यात शरीर उंचीचा धडा विसरून गेलेलं असतं. म्हणून लष्करात नियमच झाला. ९ ते १२ हजार फुटांवर सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्याच्या वर पुन्हा चार. सुट्टी चार आठवड्यांच्या पुढे गेली, तर कितीही जुना जवान असो, पुन्हा पहिलीच्या वर्गात बसायचं.

नियम पाळूनही हॅपो व्हायचा तो होतोच. मग उपाय काय? औषधं आहेत. रक्तदाबावरचं निफेडिपिन फुप्फुसातल्या वाहिन्या सैल करतं, हे १९८०च्या दशकाच्या शेवटी युरोपात सिद्ध झालं. ऑक्सिजन आहे. माणसाला आत झोपवून पायपंपानं हवा भरायची ती दाबाची पिशवी आहे. कोलोरॅडोतल्या इगॉर गॅमो या प्राध्यापकानं ती १९८०च्या दशकात बनवली, आपल्या फौजेत तिच्यासारखीच 'हॅपो बॅग' वापरतात. १९ हजार फुटांवर ती फुगवली तर आतल्या माणसाला सुमारे सहा हजार फूट खाली गेल्यासारखं वाटतं. पण चेन उघडली की तो पुन्हा वर. म्हणजे सगळी औषधं एकाच औषधाची नक्कल करतात. खरं औषध एकच, उतरणं. आणि हिमनदीवर १९ हजार फुटांवरून पायी उतरायचं तर दोरानं बांधून भेगा ओलांडत कित्येक दिवस. ज्याला श्वास घेता येत नाही तो चालणार कसा, आणि त्याला खांद्यावर घेणाऱ्याचा श्वास पुरणार कसा? इथं हेलिकॉप्टर येतं.

ते यंत्रही जणू याच कामासाठी जन्मलेलं. उंचीवर आणि उष्ण हवेत काम करू शकेल असं हेलिकॉप्टर भारतीय फौजेला हवं होतं, त्या मागणीवरून फ्रान्सच्या सूद एव्हिएशननं (पुढची एरोस्पासिआल) 'लामा' तयार केलं, १९६९मध्ये ते पहिल्यांदा उडालं. २१ जून १९७२ रोजी झाँ बुले हा वैमानिक ते १२,४४२ मीटरवर घेऊन गेला. तिथं इंजिन बंद पडलं आणि त्यानं नुसत्या फिरत्या पात्यांच्या आधारानं ते जमिनीवर आणून टेकवलं. त्याच लामाचा बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेला अवतार म्हणजे चीता. त्याचा थोरला भाऊ चेतक. ऑक्टोबर १९७८मध्ये वायुदलाचं चेतक सियाचेनवर उतरलं. नंतर चीतानं तिथं जे काम केलं त्याला तोड नाही. 'सियाचेन पायोनियर्स' म्हणून ओळखली जाणारी ११४ क्रमांकाची तुकडी त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

पण चीताचा आकार डोळ्यांसमोर आणा. दोन वैमानिक, मागे तिघांची जागा. आपल्याकडची वडाप जीपसुद्धा याहून ऐसपैस. आणि ही क्षमता खालच्या हवेतली. विरळ हवेत जसा माणसाला दम लागतो तसाच इंजिनालाही लागतो, पात्यांना धरायला हवाच मिळत नाही. सर्वांत उंच चौक्यांवर एका फेरीत रॉकेलचा एखादा कॅन पोचवण्याइतकंच वजन नेता येतं. जे वजन उतरवायचं तेवढंच घेता येतं, तेही इंजिन चालू ठेवून, काही सेकंदांत. श्वासाच्या रुग्णाला न्यायचं म्हणजे वजनाचा असा हिशेब, आणि त्यात ऑक्सिजनचं सिलिंडर लोखंडाचं.

दुसऱ्या महायुद्धातल्या एका घटनेशी याचं विलक्षण साम्य आहे. एप्रिल १९४४मध्ये अमेरिकेचा कार्टर हार्मन आसाममधल्या लालाघाटहून निघून ब्रह्मदेशात गेला आणि जपानी फळीच्या मागे अडकलेले जखमी एका सिकोर्स्की हेलिकॉप्टरमधून बाहेर काढले. हेलिकॉप्टरनं केलेली ही पहिली युद्धातली सुटका. त्या यंत्रात वैमानिकाशिवाय एकच माणूस मावत होता, म्हणून चार माणसांसाठी चार फेऱ्या. शिवाय हवा उष्ण आणि दमट, इंजिन तापून बंद पडायच्या बेतात. चाळीस वर्षांनी बिलाफोंड लावर चित्र तेच. फरक एवढाच की ब्रह्मदेशात शत्रू गरम हवा होती, इथं विरळ.

आता त्या पाळण्याएवढ्या जागेत श्वास सांभाळायचा म्हणजे काय करायचं, हे सविस्तर पाहू. शहरातल्या आयसीयूत आपण जो व्हेंटिलेटर पाहतो, तो इथं नाही. मुख्य साधन म्हणजे एक रबरी पिशवी.

तिची गोष्ट कोपनहेगनहून सुरू होते. १९५२च्या उन्हाळ्यात तिथं पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रांगेनं येत होते आणि त्यांना श्वास देणाऱ्या लोखंडी पेट्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ब्यॉर्न इब्सेन हा भूलतज्ज्ञ म्हणाला, शस्त्रक्रियेच्या टेबलावर आम्ही जे करतो तेच करू. गळ्याला छेद देऊन नळी घालू आणि हातानं पिशवी दाबून हवा भरू. २७ ऑगस्टला त्यानं बारा वर्षांच्या एका मुलीवर ते करून दाखवलं. मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रात्रंदिवस पिशव्या दाबल्या. आजच्या अतिदक्षता विभागाचा जन्म तो. पण त्या पिशवीला ऑक्सिजनची नळी लागे. काही वर्षांनी हेनिंग रुबेन आणि होल्गर हेसे यांनी स्वतःहून पुन्हा फुगणारी पिशवी बनवली. पहिला नमुना करताना आत सायकलच्या चाकाच्या तारा वापरल्या होत्या म्हणतात. १९५६पासून ती 'अँबू' या नावानं जगभर गेली. ना वीज, ना बॅटरी, ना सिलिंडर. एक हात पुरे.

आपल्याकडे या पिशवीला वेगळाच इतिहास लाभला. कोपनहेगनात विद्यार्थ्यांनी दाबली, आपल्याकडे नातेवाइकांनी. मण्यार चावलेला माणूस दवाखान्यात आणला जातो, फुप्फुसं ठणठणीत असतात, पण विषानं स्नायू झोपतात. व्हेंटिलेटर रिकामा नसतो. मग डॉक्टर नळी घालतात आणि पिशवी भावाच्या हातात देतात. "असं दाबायचं, मग सोडायचं, छाती वर आली पाहिजे." आणि तो माणूस रात्रभर, पाळीपाळीनं, दाबत राहतो. वऱ्हाडातल्या कुठल्याही जुन्या कर्मचाऱ्याला विचारा, अशा रात्री त्यानं पाहिलेल्या असतात. पुण्याजवळ नारायणगावात डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशाच्या रुग्णांवर जे काम केलं, त्यातही श्वास चालू ठेवून माणूस वेळेत पोचवणं हा मोठा भाग आहे.

हेलिकॉप्टरमध्ये हीच पिशवी वापरताना नव्या अडचणी उभ्या राहतात. पहिली आवाजाची. स्टेथोस्कोप कानाला लावून उपयोग नाही, पात्यांच्या गर्जनेत छातीतला आवाज ऐकू येत नाही. त्यामुळे डोळ्यांनी पाहायचं: छाती हलते का, ओठांचा रंग काय, मास्कच्या आत वाफ धरते का. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्याचं तत्त्व शोधलं. पण थंडीनं बोटातलं रक्तच आकसलं तर ते भलतंच सांगतं किंवा काहीच सांगत नाही. दुसरी अडचण सिलिंडरची. आपल्याकडच्या बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला पंधरा लिटर लावला तर शंभर मिनिटं. पण ते सिलिंडर चीतात न्यायचं म्हणजे माणसाचं वजन कमी करायचं, म्हणून छोटं घ्यायचं, आणि छोट्याची मिनिटंही छोटी. ऑक्सिजनचा हिशेब असा असतो की वाटेत हवामान बिघडून दुसरीकडे उतरावं लागलं तर काय, हे आधीच त्यात धरावं लागतं. शिवाय अशा उंचीवर वैमानिकही ऑक्सिजन घेत उडतात.

तिसरी अडचण मजेदार आहे, निदान कागदावर. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत नळी घातली की तिच्या टोकाला एक छोटा फुगा असतो. तो हवेनं फुगवला की नळी घट्ट बसते, पोटातलं काही फुप्फुसात जात नाही. हवाई रुग्णवाहिकांच्या पुस्तकांत इशारा असतो की वर जाताना हा फुगा फुगतो, श्वासनलिकेला इजा करतो, सांभाळा. सियाचेनवर सगळं उलटं. रुग्ण आधीच वर आहे, प्रवास खाली. १९,६०० फुटांवर भरलेला फुगा १० हजार फुटांवर येईपर्यंत दोन-तृतीयांशावर येतो, सैल पडतो, हवा बाजूनं गळू लागते. वरचा माणूस म्हणेल मी नीट बसवली होती, खालचा म्हणेल सैल होती, आणि दोघंही खरं बोलत असतील. उपाय साधा, फुग्यात हवेऐवजी सलाइन भरायचं. पाणी दाबानं आकसत नाही. छातीत हवा साठलेला रुग्ण असेल तर मात्र उतरण्याचा फायदाच, ती हवाही आकसते. अशा वेळी निसर्ग एकदा तरी आपल्या बाजूनं असतो.

या सगळ्याच्या आधी एक गोष्ट लागते, ती म्हणजे हेलिकॉप्टर येईपर्यंत माणूस जिवंत ठेवणारा कुणीतरी. चौकीवर डॉक्टर असतोच असं नाही. तिथं नर्सिंग असिस्टंट असतो. त्याच्याकडे औषधांची पेटी, मास्क, सिलिंडर, आणि खालच्या डॉक्टरशी बोलायला वायरलेस. हॅपोचा खोकला आणि साधा खोकला यातला फरक ओळखणारा पहिला माणूस तोच.

३ फेब्रुवारी २०१६ रोजी १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमकडा कोसळला आणि मद्रास रेजिमेंटच्या १९व्या पलटणीच्या चौकीतली दहा माणसं गाडली गेली. त्या दहांत एक मराठी होता, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मस्करवाडीचा सुनील विठ्ठल सूर्यवंशी. हुद्दा, शिपाई नर्सिंग असिस्टंट. संकटात ज्यानं दुसऱ्यांच्या तोंडाला मास्क लावायचा, तोच बर्फाखाली होता.

त्या वेळी सगळ्या देशाचं लक्ष दुसऱ्या नावावर गेलं, आणि ते स्वाभाविक होतं. पाच दिवस आशा सोडून खोदकाम चाललं होतं. ८ फेब्रुवारीच्या संध्याकाळी पंचवीस फूट खाली कर्नाटकचा लान्सनायक हनमंतप्पा कोप्पद जिवंत सापडला. शुद्धीवर, पण गुंगीत. शरीर गारठलेलं, पाणी संपलेलं, साखर उतरलेली, ऑक्सिजन तुटलेला. आता बाहेर काढला म्हणजे लगेच हेलिकॉप्टरनं न्यायचा, असं आपल्याला वाटतं. पण अंधार पडला होता आणि त्या हिमनदीवर रात्री हेलिकॉप्टर जात नाही. म्हणजे सगळी रात्र वरच काढायची होती. त्या जागी डॉक्टर आधीच येऊन थांबले होते, कुणी जिवंत सापडेल या अंधुक शक्यतेवर. त्यांनी रात्रभर जे केलं ते लष्कराच्या निवेदनात एका ओळीत आलं होतं: शिरेतून कोमट सलाइन, ओलसर गरम ऑक्सिजन आणि बाहेरून ऊब.

'ओलसर गरम ऑक्सिजन' हे तीन शब्द वाचताना मी थबकलो होतो. उणे तापमानात सिलिंडरमधून बाहेर येणारा वायू बर्फासारखा थंड आणि कोरडा असतो. गारठलेल्या माणसाला तो तसाच दिला तर आतून आणखी गारठवेल, श्वासनलिका सुकवेल. तो गरम करायचा, त्यात ओलावा घालायचा, तोही १९ हजार फुटांवरच्या तंबूत, जिथं पाणी करायलाच बर्फ वितळवावा लागतो. या एका ओळीत किती हात, किती स्टोव्ह आणि किती जागरण असेल याचा अंदाज ज्यानं हिवाळ्यात बंबात पाणी तापवलंय त्यालाही येईल.

९ तारखेला सकाळी हनमंतप्पांना हेलिकॉप्टरनं थॉइसच्या हवाई तळावर आणलं, तिथून वायुदलाच्या विमानानं अतिदक्षतेच्या तज्ज्ञासह दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात. तिथं पोचले तेव्हा ते कोमात होते. श्वासमार्ग सांभाळण्यासाठी व्हेंटिलेटर लावला. ११ फेब्रुवारीला पावणेबारा वाजता ते गेले. उरलेले नऊ आधीच गेले होते, सूर्यवंशी त्यांत.

सियाचेनवर २००३च्या नोव्हेंबरपासून शस्त्रसंधी आहे, गोळ्या सुटत नाहीत. तिथं एरवीही गोळ्यांपेक्षा थंडीनं आणि उंचीनंच जास्त माणसं नेली. चीता हेलिकॉप्टर अजून उडतं, म्हातारं झालंय तरी.

आता खाली, आपल्याकडे येऊ. विदर्भात रुग्णाला हेलिकॉप्टरनं नेण्याचा अनुभव कुणाला असेल तर तो गडचिरोलीला. १३ नोव्हेंबर २०२१ला ग्यारापत्तीच्या जंगलात मर्दिनटोल्याजवळ पोलिसांच्या सी-६० पथकाची नक्षलवाद्यांशी मोठी चकमक झाली, चार जखमी जवानांना त्याच दिवशी हेलिकॉप्टरनं नागपूरला हलवलं गेलं. जुलै २०२४मध्ये वांडोलीच्या चकमकीनंतरही तेच. तिथं उंचीचा प्रश्न नाही, प्रश्न आहे तो झाडांमधून मोकळी जागा शोधण्याचा आणि रक्त थांबवण्याचा. पण सूत्र तेच, आधी जंगलात कुणाचा तरी हात, मग हेलिकॉप्टर.

आमच्या जिल्ह्यात हेलिकॉप्टर म्हणजे निवडणूक. शेतात चुन्याचं वर्तुळ, मधोमध इंग्रजी एच, पोरांची गर्दी, उडालेली धूळ आणि सभेला उशिरा आलेला नेता. याच जिल्ह्यात १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्री दीडच्या सुमाराला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला एक खासगी बस उलटून पेटली. बसमध्ये ३३ माणसं होती, त्यातली २५ गेली. त्यानंतर हवाई रुग्णवाहिकेची भाषा सुरू झाली. जे बोलत होते त्यांचं मन खरं होतं, पण त्या रात्री हेलिकॉप्टरनं काहीच साधलं नसतं. धुरात आणि ज्वाळांत श्वास पाच-दहा मिनिटांत संपतो. तिथं लागतं ते उघडणारं दार, फुटणारी काच. हेलिकॉप्टरचा उपयोग दुसऱ्या प्रकारच्या अपघातात: बरगड्या मोडून फुप्फुसाभोवती हवा शिरलेला, डोक्याला मार लागून जीभ मागे पडलेला माणूस, ज्याला सिंदखेडराजाहून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला न्यायचंय. त्याच्यासाठीसुद्धा पहिली दहा मिनिटं १०८ रुग्णवाहिकेचीच. जानेवारी २०१४मध्ये राज्यात ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यातल्या २३३ गाड्या व्हेंटिलेटरसह. गाडीत डॉक्टर असतो, हे आपल्या राज्याचं वैशिष्ट्य. हनुवटी उचलून जीभ पुढे आणणं, नाका-तोंडावर मास्क नीट दाबून धरणं, पिशवी घाई न करता दाबणं, हे त्या डॉक्टरला जमलं तर हेलिकॉप्टरला करण्यासारखं काही उरतं. ९ ऑक्टोबर २०२४ला बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं, तिथल्या पहिल्या तुकडीची बोटं आता या पिशवीवर बसू लागली असतील.

जिल्ह्यातून फौजेत जाणाऱ्यांचा ओघ काही थांबलेला नाही. सुट्टी संपवून निघालेला जवान बुलढाण्याहून एसटीनं मलकापूर गाठतो, तिथून रेल्वेनं दिल्ली, मग विमान. दिल्लीहून लेहला पोचायला तास-सव्वा तास. मळणीची धूळ अजून अंगावर असते आणि पायाखाली ११ हजार फूट. मग सहा दिवस त्याला काही करू देत नाहीत. पहिले दोन दिवस तर पडून राहायचं, नंतर जवळपास हिंडायचं, पाणी पीत राहायचं, रोज नाडी आणि ऑक्सिजन तपासून घ्यायचा. घरून फोन येतो.

"काय करून रायला रे?"

"काई नाई माय. नुसता बसेल हाय."